दोन पावसाळ्यांनंतर: जुन्या लँड रोव्हरच्या पट्ट्यांवरील जस्तलेपाची पाहणी

माझ्या १९६४ सालच्या लँड रोव्हरच्या हौद्यावर दरवर्षी जुलै संपता संपता तांबूस पाण्याचे ओघळ दिसू लागत. हौद्याच्या वरच्या कडेला रिव्हेटने बसवलेल्या करड्या पट्ट्यांखालून ते निघत, फिकट हिरव्या रंगावरून खाली उतरत आणि पुसून काढले तरी आपली पिवळसर रेघ मागे ठेवत. २०२३च्या मार्च महिन्यात नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील एका लहान कारखान्यातून त्या पट्ट्यांवर मी जस्तयुक्त लेप चढवून घेतला. त्यानंतरचे दोन पावसाळे गाडीने अंगावर घेतले आहेत, ओघळ पुन्हा आलेले नाहीत, आणि आता त्या कामाविषयी व त्यासाठी वापरलेल्या मालाविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे मला वाटते. कारखान्याच्या मालकांचे मुख्य काम मोठ्या लोखंडी सांगाड्यांच्या लेपनाचे आहे. जुन्या गाड्यांची फुटकळ कामे ते ओळखीने आणि सवडीने घेतात, म्हणून त्यांच्याच विनंतीवरून नाव येथे देत नाही.

या पट्ट्यांचे महत्त्व समजण्यासाठी गाडीची घडण थोडी सांगायला हवी. लँड रोव्हर पहिल्यांदा १९४८च्या एप्रिलमध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये पोलादावर नियंत्रण होते. म्हणून रोव्हर कंपनीने बॉडीचे पत्रे बर्माब्राइट नावाच्या अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम मिश्रधातूचे केले. हा धातू लोखंडासारखा गंजत नाही, पण मऊ असतो. कडेवर ओझे आपटले की दबतो. म्हणून कडांवर आणि कोपऱ्यांवर पोलादी पट्ट्या आल्या आणि त्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या होत्या. रंगवलेल्या बॉडीवर उघडी राहिलेली ती करडी, किंचित खरखरीत चौकट हीच या गाडीची ओळख. शासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, आणि पुढचा बल्कहेड, म्हणजे इंजिन आणि बसण्याची जागा यांमधली आडवी भिंत, मात्र साध्या रंगवलेल्या पोलादाचे, आणि आज या गाड्या पहिल्यांदा सडतात त्या तिथेच.

जस्ताचे त्या पट्ट्यांवरचे काम दुहेरी आहे. एकीकडे ते पोलादाला वाचवते: ओरखडा पडून लोखंड उघडे झाले तरी ओलाव्यात आधी जस्त झिजते आणि शेजारचे लोखंड तगून राहते. दुसरीकडे ते अ‍ॅल्युमिनियमलाही वाचवते, आणि ही बाजू बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम ओल्या अवस्थेत एकमेकांना चिकटून राहिले, तर त्या जोडीत झिजण्याची पाळी अ‍ॅल्युमिनियमवर येते. मध्ये जस्त आहे तोवर झिजते ते जस्त. जस्त संपले की पट्टीखालचा पत्रा पांढरी भुकटी होऊन फुगू लागतो. माझ्या गाडीच्या पट्ट्या काढल्या तेव्हा उजव्या बाजूला वीतभर लांबीत पत्रा चाळणी झालेला निघाला. बाहेरून तिथे केवळ रंगाला आलेले दोन-तीन फोड दिसत होते.

या नुकसानीचा काही भाग टाळता आला असता, हे मला मान्य करायला हवे. २०१९ साली शहरातील एका गॅरेजमध्ये मी या पट्ट्या ‘गॅल्व्हनाइज्डसारख्या’ करून मागितल्या होत्या. तिथे गंज पॉलिश पेपरने वरवर घासला, त्यावर लाल प्रायमर मारला आणि वर चांदीसारखा रंग फवारला. गाडी परत मिळाली तेव्हा पट्ट्या चमकत होत्या आणि मी समाधानाने पैसे दिले. दुसऱ्या पावसाळ्यात रिव्हेटच्या डोक्यांभोवती फोड आले, तिसऱ्यात रंगाचे पापुद्रे नखाने निघू लागले. गॅरेजने मागितला तसा रंग दिला होता. जस्ताचे दिसणे आणि जस्ताचे काम या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि मागताना त्यांतील कोणती हवी हे स्पष्ट सांगावे लागते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

इतवारीतील रंगांच्या दुकानांत उभे राहिले की हा घोटाळा कसा होतो ते कळते. ‘गॅल्व्हनाइज्ड फिनिश’, ‘सिल्व्हर’, ‘झिंक’, ‘कोल्ड गॅल्व्हनायझिंग’ अशी नावे असलेले फवारे एकाच फळीवर असतात आणि टोपणांचा रंगही सारखाच करडा असतो. त्यांतील कित्येकांत अ‍ॅल्युमिनियमची भुकटी असते. ती छान चकाकते, पाणी काही काळ अडवते, पण तिच्या थराला भोक पडले की खालच्या लोखंडासाठी ती काहीही करू शकत नाही. खऱ्या जस्तलेपाची खूण डब्याच्या मागच्या बाजूला किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात सापडते: सुकलेल्या थरात वजनाने जस्त किती, हा आकडा तिथे असला पाहिजे. मी निवडलेल्या मालावर तो ९२ टक्क्यांहून अधिक होता. इतके जस्त लागते याचे कारण असे की, जस्ताचे कण एकमेकांना आणि खालच्या लोखंडाला प्रत्यक्ष टेकले तरच त्यांच्यातून विजेचा प्रवाह वाहतो आणि जस्त लोखंडाऐवजी झिजते. कणांमध्ये त्यांना बांधून ठेवणारी राळ जास्त झाली की तो नुसता करडा रंग उरतो. याच कारणाने जस्तलेपाखाली लाल प्रायमर किंवा गंज काळा करणारे रसायन लावायचे नसते. दुकानदार मात्र आग्रहाने दोन्ही हातात देतात.

खर्च करण्याआधी मी घरीच एक चाचणी केली. पोलादी पत्र्याचे वीतभर लांबीचे दोन तुकडे चकचकीत होईपर्यंत घासले, एकावर चांदी रंग आणि दुसऱ्यावर जस्तलेप फवारला, आठवडाभर सुकू दिला आणि मग दोन्हींवर खिळ्याने लोखंड दिसेपर्यंत आडवी रेघ मारली. गच्चीवर ठेवून पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ मिठाचे पाणी शिंपडले. चांदी रंगाच्या तुकड्यावरील रेघ तिसऱ्या दिवशी तांबडी झाली, आणि शेवटी रेघेच्या दोन्ही बाजूंनी रंग उचलला गेला होता. जस्तलेपाच्या तुकड्यावर रेघेत पांढरट बुरशीसारखा थर साचला. तो जस्ताच्याच क्षारांचा होता, आणि पंधराव्या दिवशीही त्यात तांबडेपणा नव्हता. एवढ्यावरून दहा वर्षांचा अंदाज बांधता येत नाही, पण डब्यावरील दावा खरा की खोटा हे ठरवायला ही चाचणी पुरते आणि ती कोणालाही करता येईल.

मूळ पद्धतीप्रमाणे पट्ट्या पुन्हा वितळलेल्या जस्तात का बुडवल्या नाहीत, असा प्रश्न जाणकार विचारतील, आणि तो योग्य आहे. गरम जस्तलेपन हीच या कामाची सर्वोत्तम पद्धत आहे यात मला शंका नाही. सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या जस्तात पोलाद बुडते, दोन धातूंचा मिश्र थर तयार होतो, आणि तो रंगासारखा वर बसलेला नसून पोलादाशी एकजीव झालेला असतो. तीन ते सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादावर सरासरी सत्तर मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर सहज बसतो. म्हणून बंपर मी त्याच पद्धतीने करून घेतला. तो जाड आहे, उघड्या पन्हळीसारखा आहे, आणि आज तो गाडीवरील सर्वांत निर्धास्त भाग आहे. पट्ट्यांची गोष्ट वेगळी होती. त्या लांब आणि पातळ, साठ वर्षांत गंजाने आणखी पातळ झालेल्या, आणि एवढ्या उष्णतेत पीळ पडण्याची भीती खरी होती. नव्या, जस्तात बुडवलेल्या पट्ट्या परदेशातून मागवता येतात. पण माझ्या पट्ट्यांवर गाडीच्या पहिल्या मालकांनी ताडपत्री बांधण्यासाठी मारलेली भोके आणि वापराच्या खुणा आहेत, त्या मला टाकायच्या नव्हत्या.

आता मूळ कामाविषयी. मी कारखान्यात पहिल्यांदा गेलो तो २०२२च्या ऑगस्टमध्ये, आणि मालकांनी काम घेण्यास नकार दिला. हवा एवढी दमट असताना घासलेले लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होते, आणि त्यावर मारलेला लेप कितीही महागाचा असला तरी टिकत नाही, असे त्यांनी समजावले. “भाऊ, फवारणं अर्ध्या तासाचं काम आहे, खरं काम घासण्याचं आहे, होळीच्या सुमारास या,” हे त्यांचे शब्द होते. हातात आलेले काम परत पाठवणारा कारागीर मला या छंदात फार वेळा भेटलेला नाही.

मार्चमध्ये आम्ही पट्ट्यांचे रिव्हेट ड्रिलने काढले. हे काम कितीही कंटाळवाणे असले तरी वगळू नये, कारण कण मारून घासण्याचा झोत मऊ अ‍ॅल्युमिनियमवर गेला तर पत्रा खराब होतो, आणि पट्टीची खालची बाजू, जिथून गंज सुरू होतो, ती बसवलेल्या अवस्थेत कोणालाच साफ करता येत नाही. कारखान्यात पट्ट्या धातूच्या बारीक कणांच्या झोताने घासल्या गेल्या. लोखंड उजळ राखाडी, हाताला बारीक कानशीसारखे लागणारे झाले. त्यानंतर कोणालाही उघड्या हाताने पट्टी धरू दिली नाही, कारण घामाचा डागही पुढे उमटतो. त्याच दुपारी पहिला हात, काही तासांनी दुसरा हात, आणि दुसऱ्या दिवशी यंत्राने थराची जाडी मोजून मला दाखवली. बहुतेक ठिकाणी ती ८० मायक्रॉनच्या आसपास होती. दोन कोपऱ्यांच्या आतल्या घडीत ती निम्मीही नव्हती. तिथे त्यांनी ब्रशने तिसरा हात दिला.

दिसण्याविषयी स्पष्ट लिहितो, कारण या विषयात गोडी मुख्यतः दिसण्याचीच असते. नवा जस्तलेप खडूसारखा निस्तेज आणि एकसारखा करडा दिसतो. जुन्या पत्र्याच्या बादलीवर किंवा धान्याच्या कोठीवर जी मोठमोठी चमकती फुले दिसतात, ती वितळलेले जस्त थंड होताना पडणाऱ्या स्फटिकांची नक्षी असते. फवाऱ्यातून ती येणे शक्य नाही, आणि येते असा दावा करणारा माल मी घेणार नाही. मात्र साठ वर्षांच्या गाडीवर मूळ जस्तही फुलांचे राहिलेले नसते. ते मळकट, सपाट करडे झालेले असते. लेप पूर्ण सुकल्यावर मी तो नायलॉनच्या मऊ जाळीने अगदी हलका चोळला. त्याने कणांचा वरचा थर किंचित दबून मंद धातुमय झाक आली, आणि चार पावले दूर उभे राहिले तर मूळ जस्ताची अस्पर्शित लोखंडी कडी आणि या पट्ट्या यांतील फरक मला सांगता येत नाही. जवळून, तिरप्या उन्हात, सांगता येतो.

लेपावर पारदर्शक लॅकरचा थर द्यावा की नाही, यावर मालकांचे आणि माझे एकमत झाले नाही. त्यांचे म्हणणे देऊ नये असे होते. जस्ताला हवा लागली की पावसाच्या भिजण्या-सुकण्यात त्यावर जस्त कार्बोनेटचा दाट, न विरघळणारा थर आपोआप बनतो आणि तोच त्याचे चिलखत असतो. मला मात्र करडा रंग जसाच्या तसा राखायचा होता. शेवटी डाव्या पट्ट्यांवर अ‍ॅक्रिलिक लॅकर मारले आणि उजव्या तशाच ठेवल्या. जस्तलेप सच्छिद्र असल्यामुळे लॅकरचा पहिला हात धुक्यासारखा पातळ मारावा लागतो, नाहीतर छिद्रांतील हवा बाहेर पडताना बारीक बुडबुडे उमटतात. आमच्या पहिल्या पट्टीवर ते उमटले आणि ते काम पुन्हा करावे लागले. दोन वर्षांनंतरचा निकाल मालकांच्या बाजूचा आहे. डावीकडे जेरीकॅनमधून पेट्रोल सांडले तिथे लॅकर चिकट होऊन निघून आले, आणि दुसऱ्या मे महिन्यानंतर ते वरच्या कडेवर पिवळसर दिसू लागले. उजव्या पट्ट्या थोड्या काळवंडल्या आहेत, पण एकसारख्या, आणि त्यांचा रंग आता मूळ जस्ताच्या अधिक जवळ गेला आहे.

दोष आणखीही आहेत. रिव्हेट पुन्हा ठोकताना त्यांच्या डोक्यांभोवती लेप दुखावला गेला आणि ती डागडुजी मला घरी ब्रशने करावी लागली. कारखान्याने पट्ट्या सुट्या दिल्या होत्या, तेव्हा ही तक्रार त्यांच्यावर नाही, पण काम करणाऱ्याने थोडा लेप बाजूला राखून ठेवावा. डब्यातील जस्त जड असल्यामुळे तळाशी बसते. फवाऱ्याचा डबा चांगली पाच मिनिटे हलवला नाही तर पहिल्या हातात राळ जास्त आणि जस्त कमी जाते, आणि ते डोळ्यांना कळत नाही. पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये सांधा बुजवणारी पेस्ट भरणे मालकांनी सुचवले होते. ती मी सर्वत्र भरली, फक्त मागच्या दाराजवळच्या हातभर तुकड्यात संपली म्हणून राहिली. पहिल्या पावसाळ्यानंतर पांढरी भुकटी दिसली ती नेमकी तिथेच.

नागपूरची हवा या लेपाला एकंदरीत मानवते. समुद्र दूर आहे, त्यामुळे मुंबई-रत्नागिरीच्या गाड्यांना खाणारी खारट हवा इथे नाही. वर्षाचा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडून मोकळा होतो आणि बाकीचे महिने कोरडे जातात. जस्ताला भिजून सुकणे चालते, भिजून राहणे चालत नाही. म्हणून पावसाळ्यात गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधणे ही सर्वांत मोठी चूक ठरते. आत कोंडलेल्या ओलाव्यात जस्तावर पांढरा, फुसफुशीत थर चढतो आणि जस्त वाया जाते. मी आता वरून पत्र्याची शेड आणि गाडीवर जाड सुती कापड वापरतो. दुसरा शत्रू शहराच्या विशेष परिचयाचा आहे. आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा ओल्या काँक्रीटचे शिंतोडे बंपरवर उडाले, आणि ते वाळल्यावर काढले तर खाली जस्त खरवडल्यासारखे झालेले होते. जस्ताला तीव्र आम्ल जसे खाते तसे तीव्र अल्कलीही खाते. असे शिंतोडे ओले असतानाच भरपूर पाण्याने धुऊन टाकावेत. कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या बाजूला राहणाऱ्यांनी, कोळशाच्या धुरातील गंधक लक्षात घेऊन, पहिल्या पावसानंतर गाडी साध्या पाण्याने धुण्याची सवय ठेवावी.

स्वच्छतेच्या बाबतीत घरगुती उपाय येथे निषिद्ध समजावेत. लिंबू, चिंच किंवा संत्र्याच्या सालीने तांबे-पितळ उजळते म्हणून ते जस्तावर चोळणारे मी पाहिले आहेत. डाग जातो आणि त्याबरोबर जस्तही जाते. गंज काढण्याच्या बाटलीबंद द्रवांत बहुधा फॉस्फोरिक आम्ल असते, त्यांचेही तेच. तारेचा ब्रशही नको, कारण त्याचे तुटलेले पोलादी कण लेपात रुततात आणि स्वतः गंजून तांबडे ठिपके उमटवतात. सौम्य साबण, पाणी आणि नायलॉनचा ब्रश पुरेसा आहे.

मेणाविषयी परदेशी सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. थंड देशांत लॅनोलिनच्या, म्हणजे मेंढीच्या लोकरीतील मेणाच्या लेपाची फार स्तुती होते, पण लॅनोलिन ४० अंशांच्या आसपास वितळते आणि आपल्या मे महिन्यात सावलीतले तापमानच ४५ अंशांवर जाते. मी एका पट्टीवर ते लावून पाहिले. महिन्याभरात ते ओघळून खाली पत्र्यावर आले आणि त्यावर शहराची सगळी धूळ बसली. कार्नोबा मेण ८० अंशांपुढे वितळते, ते उन्हात टिकले. वर्षातून दोनदा, मृगापूर्वी आणि दिवाळीच्या आधी, त्याचा पातळ हात मी उजव्या पट्ट्यांवर देतो. शासीला जळके ऑइल फासण्याचा जुना रिवाज मी या भागांपुरता बंद केला आहे. ते सांध्यांतील रबरी बुश फुगवते, आणि एकदा तेल मुरले की पुढे कोणताही लेप तिथे बसत नाही.

हे काम स्वस्त नाही आणि झटपटही नाही. माझ्या बाबतीत घासणे आणि लेपन यांपेक्षा रिव्हेट काढण्या-बसवण्याची मजुरी जास्त झाली, आणि उजव्या बाजूचा सडलेला पत्रा बदलण्याचा खर्च वेगळा. ज्यांच्या पट्ट्यांवर मूळ जस्त अजून शाबूत आहे त्यांनी यात पडू नये. धुऊन, मेण लावून ते राखावे. ज्यांच्या पट्ट्यांवर तांबडे ठिपके दिसू लागले आहेत त्यांनी मात्र चांदी रंगावर एक रुपयाही घालू नये आणि पट्ट्या उतरवून हा लेप करून घ्यावा, असे मी निःशंक सांगेन. हौद्याखालचा, शासीच्या मागच्या टोकाचा आडवा दांडा (क्रॉस मेंबर) माझ्या गाडीत अजून बाकी आहे. तो बंदिस्त पेटीसारखा असल्यामुळे वितळलेल्या जस्तात टाकण्यापूर्वी त्याला हवा आणि जस्त जाण्या-येण्यासाठी भोके पाडावी लागतील, कारण आत अडकलेल्या पाण्याची त्या उष्णतेत क्षणात वाफ होते आणि भाग फुटू शकतो. भोके कुठे घ्यायची हे मालकांनी खडूने आखून दिले आहे, आणि या वेळीही त्यांनी तारीख पावसाळा संपल्यावरचीच दिली आहे.